जवाईबापूंनी तपासलेली पाळ

५ मे, सोमवार. मुर्री, गोंदियाजवळ

आजपासून वही लिहायची, असं ठरवून टाकलं. अंजू म्हणाली, "दिवसभर बोलून पोट भरत नाही का जी तुमचं? आता कागदाचंही डोकं खाता." खाऊ दे. नवीन काम लागलं की नवीन वही पाहिजेच.

स्पोकन इंग्लिशचा क्लास बंद केला. दहा वर्षं चालवला. शेवटच्या बॅचमध्ये चार पोरं उरली होती, त्यातली दोन तर पंख्याखाली बसायला येत होती. आता नागपूरच्या एका कंपनीत लागलो. जिल्ह्यातल्या मामा तलावांची पाहणी करायचं काम त्यांना मिळालं आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी, मातीची लांब पाळ घालून अडवलेलं पाणी. आमच्याकडं टोली, म्हणजे छोटी वस्ती, तिथं तलाव. फॉर्म मोबाइलवर, सगळा इंग्रजीत, म्हणून त्यांना इंग्रजी येणारा लोकल माणूस हवा होता. लीलाधर सर हाजीर!

आज गोंदियाला ट्रेनिंग झालं. आचल मॅडम शिकवायला होत्या. इंजिनिअर, वय फार तर सव्वीस. फॉर्ममध्ये प्रत्येक ओळीपुढं दोन चौकटी आहेत, एक इन्स्पेक्टची, एक एक्झामिनची. मॅडमनी विचारलं, "दोन्हीत फरक काय?" मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. म्हटलं, "फरक काही नाही मॅडम. दोन्हीचा अर्थ तपासणे." दहा वर्षं हेच पाठ करून घेतलं आहे पोरांकडून.

मॅडम म्हणाल्या, "नाही सर." तीस माणसांसमोर. "इन्स्पेक्ट डोळ्यांनी होतं. पाळीवरून चालायचं, भेग आहे का, कुठं खचली का, ते पाहायचं. कपडे मळत नाहीत. एक्झामिन करायचं तर हात घालावा लागतो. पायथ्याशी खड्डा खणायचा. तिथं झिरपणारं पाणी बाटलीत भरून एक दिवस ठेवायचं. तळाशी माती बसली तर पाळ आतून वाहून चालली समजायचं, वरून कितीही देखणी असो. पहिल्या चौकटीवर टिक केली म्हणून दुसरीवर करायची नाही. दुसरी टिक म्हणजे तुमचा शब्द. लोक त्या शब्दाखाली झोपतात."

राग आला. पोरगी माझ्याहून कितीतरी लहान. घरी येऊन अंजूला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "बराबर तर बोलली बाई! मले पाहाले आले होते तवा तुमी इन्स्पेक्ट केले. चहा पेले, पोहे खाल्ले, गेले. लग्न झाल्यापासून मी एक्झामिन करून रायली तुमचं."

बाप्पा, काय डोकं आहे! मग मीही हसलो. पण मनात आलं, दहा वर्षांत किती पोरांना चुकीचं शिकवून बसलो असेन. असो. कोण विचारायला येतं.

१० मे, शनिवार

पहिला तलाव नवेगाव बांधच्या अलीकडचा. उन्हात चार तास. पाळीवरून चालणं सोपं, पोज देऊन फोटोही काढले. खणताना मात्र नानी याद आली. तळहाताला तीन फोड. बाटली भरून घरी आणली, फ्रिजवर ठेवली. अंजूनं विचारलं, "हा काय नवीन देव?"

११ मे

बाटलीत दोन बोटं माती बसली. वरचं पाणी काचेसारखं आणि खाली पिवळा गाळ. तशीच नोंद केली. तिथल्या सरपंचानं फोनवर शिव्या हासडल्या, "आमच्या बापजाद्यांची पाळ आणि तू कालचा पोऱ्या!" मी म्हटलं, बापजाद्यांना मानतो, पण बाटलीलाही मानतो. संध्याकाळी मॅडमचा फोन. "गुड वर्क सर. त्यांची पाळ दुरुस्तीच्या यादीत टाकली." फार बरं वाटलं. इतकं बरं क्लासमध्ये कधी वाटलं नव्हतं.

१६ मे, शुक्रवार

अंजूला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. सहावा महिना संपत आला. ऑगस्टच्या मध्याची तारीख दिली. सगळं ठीक आहे.

घरी येताच वाद. मी म्हणतो बाळंतपण इथंच गोंदियाला करू, दवाखाना दहा मिनिटांवर. ती म्हणते पहिलं माहेरीच. सासूबाईंचा फोन आला, सुलोचनाबाई तशा शांत बाई, पण या बाबतीत ऐकेनात. "पयलं बाळंतपन माहेरी नाई केलं त लोक म्हणतीन, मायबाप मेले का हिचे?" पुढं बोलायची सोयच नाही ठेवली. जूनच्या मध्याला सोडायचं ठरलं.

तिचं माहेर केशोरीच्या पुढं, आत. बावीस घरांची टोली, आणि टोलीच्या मागं तलावाची पाळ. घराच्या मागच्या भिंतीपासून पाळीचा पायथा पन्नास पावलं. पाळीवर उभं राहिलं की सासऱ्यांच्या घराची कवेलू, म्हणजे कौलं, वरून मोजता येतात.

२१ मे, बुधवार

सासऱ्यांचा तलाव माझ्याच यादीत आला. मॅडमना सांगून दुसऱ्याला देता आला असता. नाही दिला. खरं सांगायचं तर मिरवायचं होतं. टोलीत मला कोणी साहेब म्हणून पाहिलं नव्हतं.

नऊला पोचलो. सासूबाईंनी परातीत पाय धुतले. मामाजी, म्हणजे माझे सासरे बकाराम, तलाव समितीचे अध्यक्ष आहेत, पांढरं धोतर नेसून तयार. समोरच्या घरातले सुकरामकाका, ज्यांची पिठाची चक्की आहे, ते गल्लीतूनच ओरडले, "आले का जवाईबापू! आता आमच्या पाळीची बी डिलिव्हरी करून टाका!" सारी टोली हसली. काकांना असंच बोलायची सवय आहे. माणूस मोठा दिलदार.

मी मामाजींकडं कुदळ मागितली. त्यांनी ती उचलली आणि पाठीमागं धरली. "जवाईबापूच्या हाती कुदळ? सारे म्हणतीन, बकारामनं जवायाले रोजीनं लावला."

"मामाजी, कामच आहे हे माझं."

"काम काय ते सांगा जी. आमी करतो. तुमी बसा."

सुकरामकाकांनी डोक्यावरून प्लास्टिकची खुर्ची नेऊन पाळीवर मोहाच्या झाडाखाली मांडली. मी बसलो. एकदा बसल्यावर उठणं किती कठीण असतं, ते जावई झालेल्यालाच कळेल. खुर्चीतून पाळ सरळ दिसत होती. भेग नाही, खचलेली नाही. दोनशे पावलं चालूनही आलो. पायथ्याशी एक लांब पट्टा हिरव्यागार गवताचा. बाकी सगळं रान करपलेलं, आणि तिथं काकांच्या म्हशी पोट फुगेस्तोवर चरत होत्या. मे महिन्यात असं गवत! डोळे निवले. फोटो काढला.

बाटलीही मामाजींनी हातातून घेतली. "खाली काटे हायेत, मीच भरून आनतो." गेले ते तासभर आले नाहीत. तोवर कोंबड्याच्या रश्शाचा वास सुटला होता. आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल. बाटली मात्र लख्ख. उन्हात धरून पाहिली, विकतच्या पाण्यासारखी.

"खड्ड्यात माती कशी लागली, मामाजी?"

"पक्की. दगडावानी." माझ्याकडं न पाहता पाय धुवायला गेले. दमले होते बिचारे.

जेवायच्या आधी आत सासूबाई त्यांना हळू आवाजात रागावत होत्या. मी दिसताच थांबल्या. कुंपणावर एक नवं पांढरं फडकं वाळत होतं, मधोमध भला मोठा मातकट डाग. नवराबायकोचं भांडण, आपण कशाला पडा.

जेवून मोबाइल काढला. पहिली चौकट, टिक. दुसऱ्या चौकटीवर बोट थांबलं. हात तर मी घातला नव्हता. पण मामाजी समोर बसले होते, पानाला चुना लावत. "खड्डा परत खणू" म्हणणं म्हणजे सासऱ्याला खोटा म्हणणं. अंजूला काय तोंड दाखवलं असतं? आणि बाटली तर होती. बाटली काही जावई ओळखत नाही.

टिक केली. सही केली.

२२ मे

बाटलीत एक कणही नाही. पाहा! उगीच मनाला लावून घेतलं.

३ जून, मंगळवार

रिपोर्ट पास झाला. एका पानाचं इंग्रजी सर्टिफिकेट छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलं म्हणे, खाली माझं नाव. मामाजींनी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं.

सुकरामकाकांचा फोन आला होता. चक्कीच्या मागच्या भिंतीला ओल येते, म्हणून ते चक्की केशोरीला हलवायच्या विचारात होते. "आता तुमचा कागद आला त विचार बदलून टाकलो. मांगच्या अंगाले, पाळीकडं नवीन शेड काढून रायलो. काढू ना जी?"

मी म्हटलं, "काढा बिनधास्त. ओल कोणत्या भिंतीला नसते काका!"

मोठा माणूस झाल्यासारखं वाटलं.

१५ जून, रविवार

अंजूला सोडून आलो. निघताना ती दारात उभी होती, हसत होती. पाळीवरून वारा येत होता. घरी आलो तर घर खायला उठलं. डाळ करपवली.

८ जुलै, मंगळवार

पाच दिवस झड लागली आहे. फिल्ड बंद. अंजूचा फोन आला, आवाज खुशीत. "अवो, आपल्या घरामांगं झरा फुटला! भाताले आधण येते ना, तसं बुडबुड करून पानी वर येते. संग बारीक वाळू. आईनं कुंकू लावलं त्याले. म्हणते, नातू येऊन रायला त गंगामाय आली."

मी हसलो नाही. का ते कळलं नाही.

"वाळू येते म्हणजे कशी?" मी विचारलं.

"भोवती गोल बसते ना. मुंगीचं वारूळ असते तशी."

मामाजींना फोन लावला. ते म्हणाले, पावसाळ्यात झरे फुटतेच जी. बरोबर आहे, फुटतात. आणि बाटली निवळ होती. बाटली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. आचल मॅडमना विचारावं असं मनात आलं होतं, पण विचारायचं काय? उगीच माझीच टिक उकरून काढायची.

११ जुलै

झऱ्याचं पाणी आता धुण्याला पुरतं, अंजू म्हणाली.

१९ जुलै, शनिवार

घाईत लिहितो आहे, अक्षर वेडंवाकडं येतं.

दुपारी एकला अंजूचा फोन. बाळाची दुपटी शिवत बसली होती. सहा शिवायची होती, पाचच झाली. म्हणाली, "एक फडकं बाबानं मातीत घातलं. तुमची बाटली गारता गारता. तीनदा गारले म्हणे फडक्यातून, तवा कुठं साफ झाली. आई अजून बोलते त्याहीले."

"काय गाळलं?"

"पानी जी. तुमच्या बाटलीतलं."

मी फोन ठेवला. पुन्हा उचलून मामाजींना लावला. विचारलं, "मामाजी, त्या दिवशी बाटलीतलं पाणी गाळून भरलं होतं का?"

"हो." जराही अडखळले नाहीत. "खालून निरा पिवळं गढूळ येत होतं. जवायाले गढूळ पानी कोनी देते काजी? मी गारून देलो."

"खड्डा?"

"खड्डा खणलो नाई. कुदळ मारली तिथं पानीच पानी. म्हटलं, जवाईबापू पाहातीन त म्हणतीन, बकाराम अध्यक्ष असून पाळीले झिरा. बुजवलो धानाची पिंजर घालून. आता तुमीच सई करून देले ना, मंग?"

मंग! त्यांनी माझ्यासाठी पाणी गाळलं. मला राग येईना त्यांचा, स्वतःचाच आला. मे महिन्यातलं ते हिरवं गवत. काकांची ओली भिंत. झऱ्याची वाळू. सगळं माझ्या वहीत लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. आत्ता मागची पानं चाळून पाहिली. पाहिलं होतं मी सगळं. तपासलं काहीच नाही.

मॅडमना फोन केला. "त्या तलावाचं पुन्हा एक्झामिन करावं लागेल."

"का सर? तुमचा रिपोर्ट तर क्लीन आहे."

इथं सांगायचं होतं. म्हटलं, "पाऊस जास्त आहे म्हणून."

"ठीक आहे, सोमवारी टीम पाठवते."

मग अंजूला म्हटलं, तू आईला घेऊन शाळेत जाऊन राहा, शाळा उंचावर आहे. ती म्हणाली, "पागल झाले का? बाबाले काय सांगू?" मी म्हटलं, नको सांगू काही. मग ती कशी जाईल? तिला नववा महिना लागला आहे, आणि मी तिला कारण सांगत नाही.

दोन वाजले आहेत. आत्ता निघालो तरी उजेडात पोचेन. नाल्यांना पूर आहे, गाडी बंद पडेल, असं मनाशी म्हणत बसलो आहे. ही सगळी निमित्तं. तिथं जाऊन टोलीसमोर काय बोलू, ते सुचत नाही, म्हणून बसलो आहे. भ्याड आहे मी. उद्या पहाटे निघतो.

२२ जुलै, मंगळवार. केशोरी

परवाचं सगळं लिहून काढतो. दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

रविवारी पाचला निघालो, दोन नाल्यांवर थांबावं लागलं, दहाला पोचलो. तलाव काठोकाठ. घरामागचा झरा आता परातीएवढा झाला होता, पिवळा. अंजू ओसरीवर पाय पसरून बसली होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला. मी तिच्याशी धड बोललोही नाही, सरळ ग्रामपंचायतीत गेलो. मामाजी मागून आले. माणसं जमली.

मी म्हटलं, "पाळीला धोका आहे. सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता शाळेत चला."

कोणी हललं नाही. सुकरामकाका हसून म्हणाले, "जवाईबापू मस्करी करून रायले." मग भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडं बोट केलं. "हा तुमचाच कागद ना जी? हा खोटा हाय का मंग?"

सारी टोली माझ्याकडं पाहत होती. मामाजींनी मान खाली घातली होती. एक शब्द बोलायचा होता, दोन अक्षरांचा, खोटा. त्यांची इज्जत आणि माझी इज्जत त्या एका शब्दावर टांगली होती.

मी म्हटलं, "कागद खरा आहे काका. पण पाऊस फार झाला."

"पाऊस त दरसालचाच हाय," काका म्हणाले. माणसं पांगायला लागली.

तेव्हा मी मामाजींच्या घरी गेलो आणि कुदळ घेतली. चपला दारात टाकल्या. बाया पदर तोंडाला लावून पाहत होत्या. सासूबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "नोका जी जवाईबापू, नोका!" मी पायथ्याच्या चिखलात उतरलो. मांडीपर्यंत आत गेलो. तणसाची ती पिंजर कुजून काळी झालेली हाताला लागली. ती ओढली तर मागून चहासारखं पाणी उसळलं. हात आत घातला. कोपर गेलं. खांदा गेला. पुढं हाताला काहीच लागेना. पाळीच्या पोटात नुसती पोकळी, आणि पाणी माझ्या बोटांवरून माती घेऊन पळत होतं.

मामाजी धोतर वर न करताच खाली उतरले. त्यांनीही हात घातला, आणि तसाच काही वेळ ठेवला. त्यांच्या तोंडावरचा रंग गेला. लग्नाला तीन वर्षं झाली, मला ते कधी तुम्ही सोडून बोलले नव्हते. म्हणाले, "पोरा, अंजूले घेऊन पळ."

मग त्यांनीच थाळी बडवत बावीस दारं पालथी घातली. जावई चिखलात उतरला, एवढं पाहूनच अर्धे लोक निघाले होते. उरलेल्यांना मामाजींनी ओढून काढलं. म्हाताऱ्या खाटेवर घालून नेल्या. अंजूला दोन बायांनी धरलं. बाराच्या आत सगळे शाळेत. काकाही आले, काकू सुशीलाबाईही आल्या. मी स्वतः मोजले.

मग पाऊण तास काहीच झालं नाही. लोक कंटाळले. कोणी म्हणालं, भात तसाच चुलीवर राहिला. काका खिडकीशी उभे राहून मोबाइलमध्ये काहीतरी पाहत होते. पाहून झाल्यावर मोबाइल काकूंच्या हातात दिला. म्हणाले, "कागद खरा हाय म्हणते ना जवाई. मोटर काढून आनतो नव्या शेडातली. भिजली त गेली." मी बाहेर मामाजींसोबत होतो, ऐकलं नाही. हे काकूंनी मागाहून सांगितलं.

पाळ फुटली तेव्हा फार मोठा आवाज झाला नाही. धानाचं पोतं घसरून पडावं, तेवढाच. मग मात्र सगळीकडं पाणीच पाणी, आणि कवेलू, आणि म्हशी. तेरा घरं गेली. आमचं पहिलं.

काका काल संध्याकाळी धानाच्या दोन बांध्या पलीकडं सापडले.

अंजू ठीक आहे. बाळ ठीक आहे, केशोरीच्या दवाखान्यात दाखवलं. पेपरवाला आला होता. उद्या छापून येईल, जावयाच्या सावधपणानं टोली वाचली. त्यानं फोटो मागितला. मी दिला.

२६ जुलै

मॅडमचा फोन. म्हणाल्या, "सर, एवढं विचारते. हात घातला होता?" मी म्हटलं, रेंज नाही, आणि फोन कापला. मामाजी दिवसभर शाळेच्या पायरीवर बसून असतात. माझ्याशी बोलत नाहीत, मीही नाही. लोक येऊन माझ्या पाया पडतात.

१ ऑगस्ट, शुक्रवार

आज सुकरामकाकांची तेरवी. शाळेच्या आवारात मांडव टाकला होता. जायचं नव्हतं. अंजूनं जायला लावलं, "तुमीच नाई गेले त कोन जाईन?"

काकूंनी मला बोलावून खांबाशी नेलं. पदराखालून मोबाइल काढला. काकांचा. त्यात भिंतीवरच्या सर्टिफिकेटचा फोटो होता, मोठा करून करून अक्षरं फुटलेली.

"रोज काढून पाहात होते जी. इंग्रजी त येत नव्हतं त्याहीले. त्या दिवशी बी हेच पाहून गेले. काय लिहून हाय यात, मले वाचून सांगा."

मी वाचलं. मराठीत सांगितलं. पाळ पायथ्याशी खणून, हात घालून तपासली. झिरपणारं पाणी निवळ आहे. पाळीखालच्या वस्तीला धोका नाही.

"कोनी तपासली?"

मामाजी पंगतीतून उठले होते. येऊन खांबाला धरून उभे राहिले. आजूबाजूला वाढपी फिरत होते, पोरं पाणी देत होती. मला वाटलं, आता बोललो नाही तर मरेपर्यंत बोलणार नाही.

"कोणीच नाही काकू. मी पाळीवर खुर्चीत बसलो होतो. खोटं लिहिलं मी. काकांनी पंचायतीत विचारलं, तेव्हाही खोटंच बोललो. कागद खोटा आहे म्हटलं असतं तर ते गेले नसते."

काकू शिव्या देतील, तोंडावर थुंकतील, निदान रडतील असं वाटलं. मी तयार होतो, तेच हवं होतं मला. त्यांनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला, पदरानं पुसला, आणि कनवटीला खोचला.

"मले वाटलंच होतं," एवढंच म्हणाल्या. मग पंगतीकडं हात करून, "बसा. जेवून जा. माह्या दारून जवाई उपाशी गेला त त्याहीले आवडनार नाई."

पत्रावळ त्यांनीच मांडली. भात वाढला, वरण वाढलं, भात परत वाढला. मामाजी समोर परत येऊन बसले होते, त्यांचा घास हातातच होता. मी जेवलो.